खेड्यातल्या ल्युथेरन चर्चचा इतिहास कसा शोधायचा: पेतॅयॅवेसीचं लाकडी चर्च हाताशी धरून

फिनलंडला फिरायला येणारे आपले लोक हेलसिंकी बघतात, वर उत्तरेला सांताक्लॉजचं गाव बघतात आणि मधला सगळा तळ्यांचा मुलूख गाडीच्या खिडकीतून मागे टाकतात. त्याच मधल्या पट्ट्यात, यूवॅस्कूलॅ शहराच्या पश्चिमेला साधारण 35 किलोमीटरवर पेतॅयॅवेसी नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे पाण्याच्या काठी एक जुनं लाकडी चर्च उभं आहे, 1994 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेलं. जे थोडे लोक तिथे पोचतात ते माहितीपत्रक वाचतात, 1763 ते 1765 मधे बांधलं, बांधणारा याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पॅनेन, मग आत जाऊन मान वर करून छत बघतात, फोटो काढतात, झालं. मला हे बघून खरंच हळहळ वाटते. कारण ह्या तारखा नुसत्या खुंट्या आहेत. खरा इतिहास म्हणजे हे इथेच का बांधलं, कुणी ठरवलं, लाकूड नि मजुरी कुणी दिली, आत कोण कुठे बसायचं, आणि आजूबाजूची इतकी चर्च पाडली किंवा बदलली गेली तरी हे असंच्या असं कसं राहिलं. ह्याची अर्धी उत्तरं लाकडात आहेत आणि अर्धी पॅरिशच्या, म्हणजे एका पाळकाच्या हाताखालच्या गावांच्या गटाच्या, वह्यांमधे, आणि दोन्ही वाचता येतात, भाषा येत नसली तरीही. ते कसं करायचं ते इथे सविस्तर सांगते. उदाहरण पेतॅयॅवेसीचं घेतलंय पण फिनलंड किंवा स्वीडनमधल्या कुठल्याही खेड्यातल्या चर्चला हीच पद्धत चालते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल. 1809 पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने 1527 मधे चर्चची जमीनजुमल्याची सत्ता आपल्या हातात घेतली आणि हळूहळू सगळं राज्य ल्युथेरन, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या शिकवणीचं प्रोटेस्टंट झालं. त्यानंतर पॅरिश म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा राहिली नाही, ती सरकारची सगळ्यात खालची पायरी झाली. जन्म-मृत्यूच्या नोंदी पाळकाकडे, गरिबांना पोसायची जबाबदारी मंडळीची, मुलांना वाचता येतं का हे तपासायचं काम पाळकाचं, राजाचे हुकूमसुद्धा रविवारी पुलपिटावरून, म्हणजे प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावरून वाचून दाखवले जायचे. म्हणून खेड्यातल्या ल्युथेरन चर्चचा इतिहास काढायला बसलात की आपोआप अख्ख्या गावाचा इतिहास हाती येतो.

आणि हो, आपल्याकडे ख्रिस्ती मिशन म्हटलं की नगरचं नाव आठवतं, पण तिथलं अमेरिकन मराठी मिशन ल्युथेरन नव्हतं, ते काँग्रिगेशनल परंपरेचं, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्याच वेगळ्या पंथाचं. भारतात ल्युथेरन मिशन सुरू झालं 1706 मधे, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला. मराठी मुलखाच्या सगळ्यात जवळ म्हणाल तर छिंदवाडा, तिथे स्वीडिश मिशनने रुजवलेली ल्युथेरन मंडळी आहे, ते मिशन 1877 मधे मध्य प्रांतात आलं. त्या बाजूच्या वाचकांना पुढची काही नावं नि पद्धती ओळखीच्या वाटतील.

आता काम कुठून सुरू करायचं? चर्चमधून नाही, नकाशावरून. घरीच नकाशा उघडा आणि चर्चभोवतीचं पाणी बघा. पेतॅयॅवेसीचं चर्च तळ्यांच्या मधे आलेल्या जमिनीच्या टोकावर आहे. आजच्या गाडीरस्त्याच्या हिशोबाने ही जागा जरा आडबाजूची वाटते, पण 18व्या शतकात रस्ते नव्हतेच म्हणा ना, उन्हाळ्यात लोक होडीने यायचे आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडीने. म्हणजे पाणी हाच हमरस्ता. तळ्यांच्या मुलखात कितीतरी गावांची सामायिक लांब होडी असायची, चर्चची होडी म्हणूनच, आणि रविवारी सगळं गाव त्यात बसून वल्ही मारत यायचं. त्यामुळे नकाशावर फक्त चर्चवर बोट ठेवू नका, कुठल्या वाडीहून कुठल्या पाण्याने लोक येत असतील ते बोटाने फिरवून बघा. मग पुढे वह्यांमधे वाड्यांची नावं येतील तेव्हा ती नुसती नावं राहणार नाहीत.

नकाशावरच दुसरी एक गोष्ट शोधायची, ती म्हणजे मूळ पॅरिश कुठलं. पेतॅयॅवेसी सुरुवातीला स्वतंत्र नव्हतं, दक्षिणेकडच्या यॅम्सॅच्या मोठ्या पॅरिशखालचं चॅपल, म्हणजे दुय्यम चर्च होतं. म्हणजे मुख्य पाळक यॅम्सॅला, आणि तिथपर्यंत जायचं तर जंगल आणि तळी ओलांडून लांबचा पल्ला. तान्ह्या मुलाला बाप्तिस्म्यासाठी आणि मेलेल्या माणसाला पुरण्यासाठी इतकं लांब न्यायचं, तेही जेव्हा बर्फ चालण्याइतका पक्का नाही आणि होडी घालण्याइतका वितळलेला नाही अशा दिवसांत, हे किती अवघड असेल कल्पना करा. फिनलंडमधल्या असंख्य खेड्यांनी आपलं आपलं चर्च आणि आपली दफनभूमी मागितली त्यामागे हे साधं कारण आहे. तुम्ही ज्या चर्चचा शोध घेताय त्याचं मूळ पॅरिश कुठलं हे आधी शोधा, कारण अर्ध्या नोंदी तिकडच्या वह्यांत सापडतील.

आता प्रत्यक्ष जागेवर. पेतॅयॅवेसी बघायला उन्हाळ्यातच जा, बाकीच्या महिन्यांत सहसा बंद असतं, वेळ आधी तपासून घ्या. पोचल्यावर लगेच आत शिरू नका. बाहेरून पूर्ण एक फेरी मारा, सावकाश. ओंडक्यांचे कोपरे बघा, एकावर एक आडवे ओंडके रचून टोकाशी खाचा मारून एकमेकांत बसवलेत. पाइनचं लाकूड. छतावर लाकडी फळकुटांची कौलं. हे चर्च चार सारख्या हातांच्या क्रॉसच्या आकाराचं आहे आणि त्या आकारामागे धर्म आहे तसा सुतारकामाचा हिशोबही आहे. ओंडक्याची लांबी झाडाच्या उंचीपुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे एकच लांबलचक भिंत उभी केली तर ती मधे फुगते, पण चार हात काढले की कोपरेच कोपरे तयार होतात, प्रत्येक कोपरा शेजारच्या भिंतीला धरून ठेवतो आणि जागाही जास्त मिळते. शिवाय ल्युथेरन उपासनेत प्रवचन ऐकू येणं महत्त्वाचं, चारी हातांतल्या लोकांना पाळकाचा आवाज पोचला पाहिजे. ह्या क्रॉस आकाराचा नमुना स्टॉकहोमच्या 17व्या शतकातल्या कातारिना चर्चसारख्या मोठ्या इमारतींवरून खेड्यांपर्यंत झिरपत आला असं अभ्यासक मानतात. राजधानीतली दगडी कल्पना आणि जंगलातल्या सुताराची कुऱ्हाड ह्यांची गाठ इथे पडली आहे.

फेरी मारताना पश्चिमेकडे थांबा. तिथे घंटाघर आहे, मधल्या छोट्या झाकलेल्या वाटेने चर्चला जोडलेलं. ते चर्चबरोबरचं नाही. ते 1821 मधे बांधलं, याक्कोचा नातू एर्क्की लेप्पॅनेन याने. आजोबा आणि नातू ह्यांच्यामधे केवढी उलथापालथ झाली बघा, आजोबाने चर्च बांधलं तेव्हा राजा स्टॉकहोमला होता, नातवाने घंटाघर बांधलं तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या हाताखाली गेलेला, 1809 पासून. राज्य बदललं पण चर्च ल्युथेरनच राहिलं कारण झार अलेक्झांडर पहिला याने तसं आश्वासन दिलं होतं. म्हणून कुठल्याही चर्चभोवती फिरताना हा प्रश्न विचारत राहा की कुठला भाग कधीचा, जोड कुठे दिसतोय, लाकडाचा पोत कुठे बदलतोय. जोड दिसला की समजायचं की इथे काहीतरी ठरवलं गेलं, पैसे उभे केले गेले, आणि त्याची नोंद कुठेतरी असणार.

आत गेलात की पहिलं काम, बाकावर बसा. खरंच बसा, उभ्याने नाही कळत. बाकं कडक आणि ताठ आहेत, भिंतींना रंग नाही, लाकूड उघडंच आहे आणि वयाने तांबूस-करडं झालंय. खिडकीतून तिरपा उजेड भिंतीवर पडतो तेव्हा ओंडक्याच्या पृष्ठभागावर कुऱ्हाडीचे घाव दिसतात, एकाच्या शेजारी एक, उथळ, जवळजवळ सारख्या रुंदीचे, आणि मधेच एखादी गाठ आली तिथे घावांची दिशा बदललेली. करवतीने कापलेल्या फळीवर असे घाव नसतात. मी कुणालाही सांगते की ह्या चर्चमधे एकच गोष्ट बघायची असेल तर हे घाव बघ, कारण ज्यांनी ते मारले त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच माहितीपत्रकात नाही. शेतकऱ्यांनीच लाकूड द्यायचं आणि राबायचं, कुठल्या घराने किती ते वाटून घ्यायचं, अशीच त्या काळी गावच्या चर्चची बांधणी व्हायची.

मग वर बघा. चारी हातांवर लाकडी कमानी छत आहे आणि मधोमध जिथे हात एकत्र येतात तिथे अष्टकोनी घुमट. दगडी गॉथिक चर्चमधल्या कमानींची आठवण लाकडात उतरवलेली आहे, वर लालसर मातीच्या रंगाची नक्षी. युनेस्कोने हे चर्च निवडलं ते नेमकं ह्या मिश्रणासाठी, मध्यवर्ती आराखडा रेनेसान्सचा आणि छताची घडण त्याहून जुनी, आणि दोन्ही एका गावच्या सुताराच्या हातून.

पुलपिटाकडे जा. पुलपिट खालून संत ख्रिस्तोफरने खांद्यावर तोललंय. आता इथे विचार करायला लागतं, कारण ल्युथरच्या शिकवणीत संतांची भक्ती बाद झाली होती, मग 1760 नंतरच्या चर्चमधे संत कसा? तर ल्युथेरन लोकांनी कॅल्विन या दुसऱ्या धर्मसुधारकाच्या अनुयायांसारखी सरसकट चित्रं-मूर्ती फोडली नाहीत. पूजा करायची नाही पण बघायला, शिकायला चित्र असू दे, अशी भूमिका. ख्रिस्तोफर म्हणजे ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा, आणि इथे त्याच्या खांद्यावर पवित्र शास्त्राचं प्रवचन आहे. रविवारी होडीने पाणी ओलांडून आलेल्या माणसाला हे समोर दिसत असेल. अशा ठिकाणी फोटो काढून पुढे जाऊ नका, वहीत प्रश्न लिहून ठेवा, हे इथे का आहे.

बसण्याची व्यवस्थासुद्धा इतिहास आहे. जुन्या नॉर्डिक चर्चमधे बायका उत्तरेकडे आणि पुरुष दक्षिणेकडे बसायचे, आणि पुढची बाकं जमीनदार शेतकऱ्यांची, मागची कुळांची नि नोकरांची. बाकाच्या कडेला कोरलेली अक्षरं, वर्षं, घराची खूण अशा गोष्टी शोधा. हात लावू नका, फोटोही फ्लॅशशिवाय. आणि जुन्या चर्चमधे शेगडी नव्हती, उणे 20 मधे लोक तास दोन तास बसायचे, हे बसल्या बसल्या डोक्यात आणा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, हे टिकलं कसं. 1776 पासून स्वीडनच्या राज्यात नियम आला की सार्वजनिक इमारतींचे आराखडे स्टॉकहोमहून मंजूर करून घ्यायचे. पेतॅयॅवेसी त्याच्या आधी झालं, म्हणून सुताराला मोकळा हात मिळाला. पुढे रशियन काळात आराखडे हेलसिंकीच्या कचेरीतून यायला लागले आणि कार्ल लुडविग एंगेल या वास्तुविशारदाची छाप खेडोपाडी दिसायला लागली. मग 19व्या शतकात लोकसंख्या वाढली, जुनी चर्च अपुरी पडली, कुठे पाडून नवी बांधली, कुठे बाहेरून फळ्या ठोकून पांढरा रंग दिला, मोठ्या खिडक्या पाडल्या, शेगड्या बसवल्या. पेतॅयॅवेसीत 1879 मधे नवं चर्च दुसरीकडे बांधलं आणि जुनं तसंच सोडून दिलं. वापर थांबला म्हणून कुणी त्याला सुधारलं नाही. 1920च्या दशकात योझेफ स्त्झिगॉव्स्की नावाच्या ऑस्ट्रियन कलाइतिहासकाराने ह्या चर्चचं महत्त्व जाणकारांपुढे मांडलं, आणि 1929 पासून दुरुस्तीची कामं सुरू झाली. म्हणजे मधली 50 वर्षं ते नुसतं उभं होतं. तुमच्या चर्चच्या बाबतीतही मुद्दाम ही शांत वर्षं शोधा, ज्या काळात काहीच घडलं नाही असं माहितीपत्रक सांगतं. काही न घडण्यालाही कारण असतं, कधी पैसा नसतो, कधी दुष्काळ असतो, कधी नवं चर्च.

तुलनेसाठी शेजारचं केऊरू जरूर बघा. तिथलंही जुनं लाकडी चर्च क्रॉस आकाराचंच, 1756 ते 1758 मधे अंत्ती हाकोला याने बांधलेलं, म्हणजे पेतॅयॅवेसीच्या आधी जेमतेम काही वर्षं. पण आत छतावर चित्रंच चित्रं. दोन्ही एका दिवसात बघून होतात आणि एक बघितल्यावर दुसऱ्यात काय वेगळं आहे ते लगेच डोळ्यात भरतं. एकटं चर्च बघून त्यात खास काय आणि त्या भागात सर्रास काय हे कळत नाही.

घरी आल्यावर वह्या. 1686 मधे स्वीडनच्या राज्यात चर्चचा कायदा झाला आणि त्यात पाळकांनी बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, आणि गावात आलेले-गेलेले लोक ह्यांच्या नोंदी ठेवायच्या असं ठरलं. 1749 पासून त्यावरून सगळ्या राज्याची लोकसंख्येची आकडेवारी गोळा व्हायला लागली, जगात इतकी जुनी सलग आकडेवारी फार कमी ठिकाणी आहे. आज ह्यातलं बरंच ऑनलाइन आणि फुकट आहे. फिनलंडसाठी तीन ठिकाणं लक्षात ठेवा. एक, हिस्की, वंशावळ अभ्यासकांच्या संस्थेचा डेटाबेस, त्यात वह्यांतल्या नोंदी टाइप करून ठेवल्यात, पॅरिश निवडायचं आणि वर्ष टाकायचं. दोन, राष्ट्रीय अभिलेखागाराची अस्तिया नावाची सेवा, तिथे मूळ पानांचे स्कॅन. तीन, फिन्ना, जिथे संग्रहालयांचे जुने फोटो एकत्र शोधता येतात, चर्चचं नाव टाकलं की दुरुस्तीच्या आधीचे फोटोही मिळू शकतात. सुरुवात हिस्कीने करा, मग तिथे सापडलेल्या नोंदीचं मूळ पान अस्तियावर बघा. उलटं केलंत तर पहिल्याच दिवशी कंटाळाल. एक मर्यादा, साधारण 100 वर्षांच्या आतल्या व्यक्तिगत नोंदी सहसा खुल्या नसतात, आणि ते योग्यच आहे.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती वही हिस्कीत नाहीच. ती म्हणजे प्रभुभोजनाची (चर्चमधे भाकर नि द्राक्षारस घेण्याच्या विधीची) वही, फिनिशमधे रिप्पिकिरिया. एका वहीत साधारण 10 वर्षं. प्रत्येक शेतघराला एक पान किंवा जोडपान. वर घराचं नाव, खाली घरमालक, त्याची बायको, मुलं, मग म्हातारे आईबाप, मग त्या जमिनीवरची कुळं, शेवटी गडी नि मोलकरणी. नावापुढे जन्मतारीख, मग छोटे छोटे रकाने, वाचता येतं का, ल्युथरचा लहान कॅटेकिझम (धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरांची पुस्तिका) पाठ आहे का, अर्थ कळतो का, आणि प्रभुभोजनाला कधी कधी आला. देवी येऊन गेली की लस टोचली हेसुद्धा, कारण 19व्या शतकात चर्चचा लुक्कारी, म्हणजे गाणी चालवणारा सेवक, पोरांना वाचायला शिकवायचा आणि बऱ्याच ठिकाणी देवीची लसही टोचायचा. माणूस मेला किंवा दुसऱ्या गावी गेला की नावावर आडवी रेघ. एक पान नीट वाचलं की एका घराची 10 वर्षं समोर येतात, कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली मोलकरीण एका वर्षात घर बदलून गेली. चर्चच्या बाकांवर कोण बसायचं याचं उत्तर इथे आहे.

भाषेचा बाऊ करू नका. 19व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक नोंदी फिनिशमधे नसून स्वीडिशमधे आहेत, आणि जुनं अक्षर जर्मन वळणाचं आहे. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना माहितीये की आधी ओळखीचे शब्द पकडायचे आणि त्यावरून अक्षरं लावत जायची, इथेही तसंच, महिन्यांची नावं आणि वाड्यांची नावं आधी शोधा. त्या वळणात ई हे अक्षर एन सारखं दिसतं आणि यू वर एक छोटी वाटीसारखी खूण असते, ह्या दोन गोष्टी कळल्या की निम्मी अडचण संपते. माणसांची नावं पुष्कळदा साध्या लॅटिन वळणात लिहिलेली असतात, तेवढंच सोपं. मृत्यूच्या कारणांची यादी करून जवळ ठेवा, तेच तेच शब्द येतात, कोप्पोर म्हणजे देवी, लुंगसूत म्हणजे क्षय, र्‍योदसूत म्हणजे हगवण, ओल्दरदूम म्हणजे म्हातारपण.

नावांचा घोळ मात्र आधीच समजून घ्या. घरी ज्याला याक्को म्हणायचे तो वहीत याकोब, एर्क्की तो एरिक, युहो किंवा युस्सी तो योहान, पेक्का तो पेत्तेर. याक्को क्लेमेतिनपोइका म्हणजे क्लेमेत्तीचा मुलगा याक्को, आणि पाळक त्याला स्वीडिश पद्धतीने क्लेमेत्सन लिहिणार. म्हणून हिस्कीमधे फिनिश नाव टाकून काही मिळालं नाही तर निराश होऊ नका, स्वीडिश रूप टाकून बघा. शिवाय पश्चिम फिनलंडमधे माणूस दुसऱ्या शेतघरी राहायला गेला की आडनावासारखं वापरलं जाणारं घराचं नावही बदलायचं, त्यामुळे एकच माणूस दोन नावांनी दिसतो. आडनावापेक्षा जन्मतारीख आणि बापाचं नाव धरून चला.

तारखांचंही तसंच. स्वीडनच्या राज्यात 1753 मधे 17 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला, कॅलेंडर बदललं म्हणून, त्यामुळे त्या वर्षी फेब्रुवारीचे शेवटचे दिवस रिकामे दिसले तर वही फाटलीय असं समजू नका. त्याआधी 1712 मधे तर 30 फेब्रुवारी होता. आणि जुन्या हिशोबात पुष्कळदा तारीखच नसते, रविवाराचं नाव असतं, त्रिनिती या सणानंतरचा दुसरा रविवार वगैरे, ते त्या वर्षीच्या ईस्टरवरून मोजून काढावं लागतं. हे सगळं रशियन काळातही चालू राहिलं, रशियात जुनं कॅलेंडर असलं तरी फिनलंडच्या चर्चच्या वह्या नव्याच कॅलेंडरने लिहिल्या जात होत्या.

जन्म-मृत्यूच्या पलीकडे दोन प्रकारची कागदपत्रं आहेत जी लोक सोडून देतात आणि मला वाटतं तिथेच इमारतीचा खरा इतिहास आहे. एक म्हणजे चर्चचे जमाखर्च. छतासाठी डांबर, खिडकीची काच, घंटेचा दोर, प्रभुभोजनाचा द्राक्षारस, सुताराची मजुरी. लाकडी कौलांना डांबर सतत लावावं लागतं, ज्या वर्षांत तो खर्च दिसत नाही त्याच्या पुढे काही वर्षांनी मोठ्या दुरुस्तीचा खर्च येतो का ते शोधा. दुसरं म्हणजे पॅरिशच्या सभेची इतिवृत्तं. चर्च दुरुस्त करायचं का, पैसा कुणाकडून घ्यायचा, कोण भिकेला लागलंय आणि त्याला कुठल्या घराने पोसायचं, सगळं तिथे ठरायचं. मत जमीनवाल्यांचं, कुळांना नि गड्यांना बोलायला जागा नाही, हे वाचताना विसरू नका. फिनलंडमधे 1865 मधे खेड्यांचा कारभार चर्चपासून वेगळा काढला, त्यामुळे त्यानंतरच्या रस्ता, शाळा, गरिबांची मदत ह्या गोष्टी नगरपालिकेच्या कागदांत बघाव्या लागतात.

एक काळ असा आहे जो फिनलंडच्या कुठल्याही खेड्यातल्या चर्चच्या इतिहासात उघडून बघायलाच हवा, 1866 ते 1868. पिकं बुडाली, लोक भीक मागत गावोगाव फिरले आणि त्यांच्याबरोबर टायफसची साथ फिरली. देशाच्या साधारण 8 टक्के लोकांचा बळी गेला, दीड लाखाच्या आसपास. 1868 च्या दफनांची यादी उघडा आणि वसंतातल्या महिन्यांची पानं बघा, मग आधीच्या एखाद्या साध्या वर्षाचे तेच महिने. पानांची जाडीच सांगते. परक्या पॅरिशच्या माणसांची नावंही सापडतील, काहींचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, नुसतं अनोळखी भिकारी म्हणून लिहिलंय. पेतॅयॅवेसीचं नवं चर्च 1879 चं म्हणजे ह्या दुष्काळानंतर जेमतेम 11 वर्षांनी, हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या गावाबद्दल वेगळाच आदर वाटायला लागतो.

दंतकथांबद्दल सावध राहा पण त्या फेकून देऊ नका. पूर्व फिनलंडमधलं केरिमॅकी, जगातलं सगळ्यात मोठं लाकडी चर्च म्हणून ओळखलं जाणारं, 1847 मधे पूर्ण झालं, आत 3000 हून जास्त लोक बसतात. गोष्ट अशी सांगतात की आराखडा सेंटीमीटरमधे होता आणि सुताराने तो इंचात वाचला म्हणून ते एवढं प्रचंड झालं. ऐकायला छान. पण फिनलंडमधे मेट्रिक मापं कायद्याने आली 1880च्या दशकात, त्यामुळे 1847 मधे सेंटीमीटरचा संबंधच नाही. पॅरिश मोठं होतं आणि लोकांना मोठंच चर्च हवं होतं. कुठलीही गोष्ट ऐकलीत की त्यातलं एक तरी मोजता येण्यासारखं काहीतरी पकडा, तारीख, माप, माणसाचं नाव, आणि ते तपासा. गोष्ट खोटी निघाली तरी ती गावकऱ्यांना का सांगावीशी वाटते हेही लिहून ठेवा.

शेवटी लिहिण्याबद्दल. प्रत्येक माहितीशेजारी ती कुठल्या वहीच्या कुठल्या पानावर मिळाली ते लगेच लिहा, नंतर लिहू म्हटलं की राहतं. पॅरिशच्या ऑफिसला ईमेल करताना नेमका एकच प्रश्न विचारा, पॅरिशचं नाव, वर्ष आणि घराचं नाव देऊन, इंग्रजीत चालतं, पण सगळा इतिहास पाठवा असं लिहिलंत तर उत्तर येणं अवघड. जुनी फिनिश वर्तमानपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवलीत, 1879 च्या आसपास गावाचं नाव टाकून शोधा. आणि जमलं तर उन्हाळ्यात रविवारी जा, तेव्हा जुन्या चर्चमधे अजून उपासना होते, मागच्या बाकावर गपचूप बसायला कुणाची हरकत नसते, आणि चार हातांच्या त्या लाकडी खोलीत पाळकाचा आवाज कसा पोचतो हे तिथे बसून स्वतः ऐकता येतं.